रिव्हॉल्वर की पिस्तूल, एका शब्दात

ओंगार, डब्लिन १५
९ फेब्रुवारी २०२५

ताई,

मी जिंकले. हृषीकेशशी माझी पैज होती की आपल्या दोघींत पहिलं पत्र तू लिहिणार. नऊ वर्षं तो म्हणत होता, धाकटी आहेस, तूच लिही. नऊ वर्षं मी म्हणत होते, नाव काढू नकोस. काल टॅलाच्या हॉस्पिटलातून ड्यूटी संपवून आले, तर दाराशी पडलेल्या पिझ्झाच्या जाहिरातींखाली तुझं पाकीट. डाव्या हाताचं, मागे झुकलेलं अक्षर. आता महिनाभर मुक्ताचा शाळेचा डबा बापाने भरायचा.

पाकीट फोडलं, तर आत ना 'प्रिय', ना 'कशी आहेस'. मोजून सात ओळी. प्रल्हाद नावाच्या ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या खुनाचा खटला उभा राहतोय. पोस्टमॉर्टेम तू केलंस, म्हणून साक्ष तुझी. सप्टेंबरात. गेल्या महिन्यात तुझ्या क्वार्टरच्या दारावरच्या नावाच्या पाटीला रात्रीतून कुणीतरी झेंडूचा हार घालून गेलं, फोटोला घालतात तसा. तू कलेक्टर ऑफिसात अर्ज केलास, लायसन्स मंजूर झालं. जवळ बाळगायचंय, कुणाला दिसता कामा नये. "रिव्हॉल्वर की पिस्तूल? उत्तर एका शब्दात दे."

एका शब्दात मी आयुष्यात कशाचंच उत्तर दिलेलं नाही, तोंडी परीक्षेतसुद्धा नाही. आणि तू मला व्हॉट्सॲपवर ब्लॉक करून ठेवलंयस, तेव्हा आता पानंच्या पानं वाच. भोग आपल्या कर्माची फळं.

आधी दुकानदाराचं सांगते. तो तुला पिस्तूल दाखवेल. म्हणेल, "मॅडम, चपटं आहे, पर्समध्ये बसतं, रिव्हॉल्वरचं पोट फुगतं." खोटं नाही ते. कुर्त्याखाली रिव्हॉल्वरचं चाक दिसतं, पिस्तूल दिसत नाही. गोळ्या जास्त मावतात, भरायला सोपं. पण पिस्तुलाला तयार करायला वरची स्लाइड मागे खेचावी लागते, आणि उडवताना मनगट कडक लागतं. मनगट ढिलं पडलं की रिकामी पुंगळी बाहेर पडता पडता अडकते आणि हातात राहतो नुसता लोखंडाचा तुकडा. रिव्हॉल्वरचं तसं नाही. ते अडाणी आहे, त्याला मनगटाशी घेणं नाही. घोडा न चढवता नुसता चाप ओढला तरी उडतं. पण तो चाप जड, साडेपाच-सहा किलो ओढायचे असतात एका बोटाने. आणि घोडा ओढणीत अडकतो, तेही लक्षात ठेव.

आणखी एक. पिस्तुलाचं मॅगझीन काढून हातात घेतलं तरी एक गोळी आत चेंबरमध्ये राहिलेली असू शकते. हे तुला-मला कुणी सांगायला नको.

म्हणजे प्रश्न बंदुकीचा नाही, हाताचा आहे. तू मला नेमबाज म्हणून विचारलंयस. पंचवीस मीटरचं ब्राँझ माझ्याकडे आहे, ठीकच आहे. पण इतक्या वर्षांत तू विचारलं नाहीस म्हणून सांगते, मी पोटासाठी करते काय. हॉस्पिटलात हँड थेरपिस्ट आहे. कुणाचा हात मशीनमध्ये गेलेला असतो, कुणाचा दारात चेमटलेला. तो पुन्हा कपाची कडी धरेपर्यंत माझ्या ताब्यात. टॅलात कुणालाही विचार, लोक माझ्या नावाने कुरकुरतात आणि बरे होऊन जातात.

तेव्हा उत्तर हवं असेल तर मोजमाप दे. स्वयंपाकघरातला वजनकाटा टेबलावर ठेव. मनगट टेकवून उजव्या तर्जनीने दाब. दहा वेळा, आकडे लिहून घे. मग कोऱ्या कागदावर उजवा पंजा, जमेल तितका पसरून, पेन्सिलीने गिरव आणि पाठव.

तू बोलणं का टाकलंस ते मला अजून माहीत नाही. पण ते राहू दे.

तुझी,
वृंदा


ओंगार
१६ मार्च २०२५

ताई,

तुझे आकडे मिळाले. तर्जनी पहिल्या दाबाला दोन किलो चारशे, दहाव्याला एक किलो शंभर. डावी सात. आकड्यांखाली तू लिहिलंयस, "आता सांग." गेल्या पत्रात सात ओळी होत्या, या वेळी दोन शब्द. प्रगती आहे.

पंजाचा कागद मी उघडला तेव्हा हृषीकेश चहा करत होता. अंगठा तर्जनीला चिकटल्यासारखा, मधली जागा जेमतेम दोन बोटांची. मी किचनमधला प्रेस उघडला, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि त्यात डोकं घालून बराच वेळ उभी राहिले. हृषीकेशने विचारलं काय शोधतेस. म्हटलं, मीठ. मीठ ओट्यावरच होतं.

तर ऐक. आज तू दुकानात गेलीस तर रिव्हॉल्वरचा चाप तुला ओढणार नाही आणि पिस्तूल तुझ्या मुठीत ठरणार नाही. दोन्ही बाद. पण सप्टेंबराला सहा महिने आहेत, आणि सहा महिन्यांत मी इथल्या मीथ जिल्ह्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला गाईचं दूध काढायला बसवलंय. त्याचा हात गवताचे भारे बांधणाऱ्या यंत्रात गेला होता. तुझ्याहून वाईट. हाताची नस शाबूत आहे, हाडं जुळलीत. कातडी आखडलीय आणि स्नायूंना सवय राहिली नाही. बावीस वर्षं तू तो हात पदराखाली ठेवलास. डॉक्टर ना तू? दुसऱ्या कुणा पेशंटने असं केलं असतं तर तू त्याला धू धू धुतलं असतंस.

इथे आम्ही व्यायामाला रंगीत पुटी, रबरासारखा चिवट गोळा, देतो. तुला कणीक. रोज सकाळी अर्धा किलो, पाणी कमी घालून, घट्ट. उजव्या हातानेच मळायची, डावा पाठीमागे बांध हवा तर. मग लिंबाएवढा गोळा अंगठा आणि तर्जनीत धरून चेपायचा, वीस वेळा. मग कपड्यांचे चिमटे दोरीवर लावायचे आणि काढायचे. दुखेल. टचकन पाणी येईल डोळ्यांत, येऊ दे. पण सूज आली तर थांबायचं.

शिवाय एक पट्टी पाठवतेय. तुझ्या कागदावरून पांढऱ्या प्लास्टिकची कापलीय. गरम पाण्यात टाकलीस की मऊ पडते, मग अंगठा ताणून तिच्यावर बसव आणि गार होऊ दे. झोपताना घालायची. वॉटरफोर्डची एक डॉक्टर मैत्रीण नागपूरला निघाली होती, तिच्या बॅगेत साड्यांमध्ये कोंबली.

पाकिटात तुमच्या रुग्णालयातल्या सरिता सिस्टरांची चिठ्ठीही होती; त्या तुझ्याबरोबर क्वार्टरवर राहायला आल्यात हे बरं झालं. त्यांना सांग, वजनकाट्याचे आकडे त्यांनी लिहायचे. तुझ्यावर माझा विश्वास नाही. तू स्वतःच्या बाबतीत खोटं लिहितेस.

वृंदा


ओंगार
२७ एप्रिल २०२५

ताई,

तीन किलो नऊशे. मी आकडा वाचला आणि बसमध्ये मोठ्याने "हात तिच्या" म्हणाले. शेजारच्या बाईने जागा बदलली.

सरिता सिस्टरांनी खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, "मॅडमच्या कणकेच्या पोळ्या दगड होतात, गाय पण तोंड फिरवते." त्यांना म्हणावं, सप्टेंबरापर्यंत गाईची समजूत घाला.

गिरिजा दर सोमवारी ओपीडीत येते आणि बाकावर बसून राहते, असं तू लिहिलंस. प्रल्हादची बायको. औषध घेत नाही, काही मागत नाही, निघताना एवढंच विचारते, "बाई, तुमी येसान ना कोर्टात?" हे वाचून मी कितीतरी वेळ गप्प होते, आणि मी गप्प बसले की घरात लोक थर्मामीटर शोधतात.

खटला काय आहे तेही पहिल्यांदा नीट कळलं. आरोपी, म्हणजे प्रल्हादच्या मालकाचा मुलगा, म्हणतो, खाटेवर प्रल्हादच्या शेजारी बसून पिस्तूल साफ करत होतो, मॅगझीन काढलं होतं, चुकून उडालं. तुझा रिपोर्ट म्हणतो, जखमेभोवती जळल्याची खूण नाही, बंदुकीच्या दारूचे कण नाहीत, काळेपणा नाही. म्हणजे गोळी शेजारून नाही, लांबून आली. त्या एका वाक्यावर केस उभी आहे, आणि ते वाक्य बोलणारी तू एकटी.

जवळून लागलेली गोळी कशी दिसते हे तुला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

इथे माझ्या शेजारणीला हे सगळं सांगायची सोय नाही. इथला पोलीस, गार्ड म्हणतात त्याला, कमरेला काठी आणि मिरचीचा फवारा लावून फिरतो. छऱ्याच्या साध्या पिस्तुलालाही परवाना लागतो, आणि खिशात लपवून फिरायचं तर नावच नको. "माझी बहीण कुठलं पिस्तूल घ्यावं विचारतेय" म्हटलं तर तिच्या हातातला चहा सांडेल. मग मी म्हणते बहिणीच्या हाताला व्यायाम देतेय. ती म्हणते, "आह, ग्रँड." खोटं नाहीच ते.

चार किलोच्या वर गेलीस की चिमटे सोड, भाजी कापायची कात्री घे.

वृंदा


ओंगार
१ जून २०२५

ताई,

तुझं पत्र तीन दिवस पर्समध्ये घेऊन फिरते आहे. आज रविवार. हृषीकेश मुक्ताला पोहायला घेऊन गेलाय. मी लिहायला बसलेय आणि उठायचं नाही असं ठरवलंय.

तू लिहिलंस की सरकारी वकिलांनी सांगितलं, समोरच्या वकिलाने नागपूरच्या पोलीस ठाण्यातली २००३ ची नोंद काढली आहे. "डॉ. नीलिमा यांनी स्वतः घरातील पिस्तूल निष्काळजीपणे हाताळताना गोळी सुटून उजव्या हातास दुखापत." तो भर कोर्टात विचारणार, डॉक्टरबाई, मॅगझीन काढूनही गोळी उडते हे तुमच्याच हाताने सिद्ध केलंय ना? मग माझ्या अशिलाच्या हातून उडाली नसेल कशावरून? आणि ज्या बाईला पिस्तूल साफ करता येत नाही तिने जखमांवर मत द्यावं? पुढे तू लिहिलंस, "शपथेवर काय सांगायचं ते मी ठरवीन. तुला कळावं म्हणून लिहिलं." बास. काही मागितलं नाहीस. तू कधी मागत नाहीस, हाच तर तुझा छळ आहे.

ताकाला जाऊन भांडं लपवायचं, हे मी बावीस वर्षं केलं. पहिल्या पत्रातसुद्धा केलं. बोलणं का टाकलंस ते माहीत नाही असं लिहिलं मी. माहीत होतं.

मी नेहमी म्हणते, "गोळी सुटली." "ते झालं तेव्हा." जणू काही पंखा पडला. आता लिहिते. गोळी माझ्या हातून सुटली. राज्य निवड चाचणीला आठ दिवस होते. मी जेवायच्या टेबलावर पिस्तूल साफ करत होते. मॅगझीन काढून टॉवेलवर ठेवलं आणि चेंबर पाहिलं नाही. पहिल्या दिवशी शिकवतात ते. तू समोर बसून सर्जरीचं पुस्तक वाचत होतीस, मीठ की लोणचं काहीतरी पुढे सरकवायला तू हात लांब केलास. मी चाप ओढून बघितला.

मी किंचाळत होते आणि तू नव्हतीस. तू उजवा हात डाव्याने आवळून म्हणालीस, "वृंदे, पिस्तूल माझ्याकडे सरकव. तू आत होतीस. साफ मी करत होते." लायसन्स बाबांच्या नावावर, चाचणी आठ दिवसांवर. तेवढ्यात तू हिशेब केलास, रक्त गळत असताना. बाबांनी तेच पोलिसांना सांगितलं. त्यांना तरी खरं माहीत होतं की नाही, आजपर्यंत मला कळलं नाही.

मी चाचणीला गेले. निवडले गेले. ब्राँझ आणलं. त्या ब्राँझवर खेळाडूंच्या कोट्यातून थेरपीच्या कॉलेजात जागा मिळाली, त्या जागेवरून आयर्लंड. आणि तू, जिच्या बोटांवर आख्खं मेडिकल कॉलेज जीव टाकत होतं, सर्जरी सोडून गावच्या ओपीडीत खोकल्याची औषधं लिहीत बसलीस, डाव्या हाताने.

आणि नऊ वर्षांपूर्वी बाबांच्या तेराव्याला मोठे काका पंगतीत म्हणाले, "नीलिमाच्या धांदरटपणाने नंदकुमारला पोलीस स्टेशनची पायरी चढावी लागली, तिथून तो खचला." मी वाढत होते. कढीचं भांडं माझ्या हातात होतं. तू पंगतीच्या टोकाला बसली होतीस आणि माझ्याकडे बघितलंस. मी काकांना विचारलं, आणखी कढी वाढू का.

त्या दिवसापासून तू बोलली नाहीस. बरोबर केलंस.

मी हातांचं काम का निवडलं असं इथे मुलाखतीत विचारलं होतं. मी म्हटलं, मला बारीक कामाची आवड आहे. रोज कुणा परक्याचा अंगठा सोडवायचा, तो हलला की जिंकल्यासारखं वाटायचं, आणि घरी यायचं. घरचा अंगठा सोडून सगळे सोडवले.

ताई, माझं चुकलं. मला माफ कर असं म्हणत नाही, ते तुझं तू बघ. मी आता काय करणार ते सांगते. दूतावासात जाऊन शपथपत्र करणार. जे वर लिहिलंय तेच, सही करून, शिक्का मारून. ते तुझ्या सरकारी वकिलांना पाठवणार. कोर्टात तू खरं सांग. माझी पर्वा करू नकोस. इथे माझ्या थेरपिस्टच्या नोंदणीवर कुणी बोट ठेवलं तर बघू. तू तुझा हात दिलास, मी एक कागद देऊ शकत नाही का?

कणीक चालू ठेव.

वृंदा


ओंगार
२२ जून २०२५

ताई,

घाईत लिहिते, कारण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

शपथपत्र झालं. दूतावासातला माणूस आपल्याच अमरावतीचा निघाला. त्याने वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "नक्की ना?" मी म्हटलं, शिक्का जोरात मारा. मूळ प्रत कुरियरने गेली.

मुक्ताला जेवताना सांगितलं. तेरा वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. म्हणाली, "वेट. यू शॉट युअर ओन सिस्टर?" म्हटलं, हो. "अँड शी टोल्ड द पोलीस इट वॉज हर?" म्हटलं, हो. तिने काटा खाली ठेवला. "मम, दॅट्स मॅड. हॅव यू एव्हर सेड सॉरी?" म्हटलं, या महिन्यात. ती उठून माझ्या मागे आली, माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "आय वॉन्ट टू मीट हर." नंतर सगळी भांडी हृषीकेशनेच घासली. पैज हरलेला नसताना.

आणि आता खरी गंमत. काल आपल्या फॅमिली ग्रुपवर सगळं लिहिलं. त्रेसष्ट माणसं आहेत त्यावर, तू सोडून. "२००३ साली नीलिमाताईच्या हाताला लागलेली गोळी माझ्या हातून सुटली होती. ताईने माझ्यासाठी आळ स्वतःवर घेतला. मोठ्या काकांनी बाबांच्या तेराव्याला जे म्हटलं ते चूक होतं आणि मी गप्प बसले ते त्याहून चूक." पाठवलं. त्रेसष्टच्या त्रेसष्ट जणांनी वाचल्याच्या निळ्या खुणा, आणि दहा मिनिटं स्मशानशांतता. मग मोठ्या काकांनी 'शुभ प्रभात' लिहिलेलं गुलाबाचं फूल टाकलं. संध्याकाळी साडेसात वाजता.

मी हसत सुटले. इतकी हसले की मुक्ता धावत आली. पण नंतर काकांनी एकट्या मला मेसेज केला: "नीलिमाचा नंबर दे. मला तिच्याशी बोलायचं आहे." मी लिहिलं, हा घ्या, पण मला तिने ब्लॉक केलंय. ते म्हणाले, "बरोबर केलं तिने." माणूस वाईट नाही.

आकडे का नाही पाठवलेस या वेळी?

वृंदा


ओंगार
२४ ऑगस्ट २०२५

ताई,

दोन महिने तू लिहिलं नाहीस. सरिता सिस्टर मात्र दर आठवड्याला पोस्टकार्डावर नुसता आकडा टाकत होत्या. पोस्टमनला वाटत असेल मी सट्टा खेळते. चार दोनशे. चार सातशे. मध्ये एकदा चार शंभर, तेव्हा तुला ताप होता म्हणे. पाच तीनशे. आणि परवा, सहा किलो शंभर, दहाव्या दाबाला पाच आठशे.

सहा किलो, ताई. मी वॉर्डात सगळ्यांना सांगितलं. इंडियात माझी एक पेशंट आहे, बावीस वर्षं जुनी जखम, कणकेवर सहा किलो. आमची म्हातारी हेड थेरपिस्ट म्हणाली, तिचं टॅलेंट की तुझं? मी म्हटलं, तिचा हट्ट. लहानपणापासून माझ्या ओळखीचा आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. साक्षीला जेमतेम महिना आहे.

तुझी मूठ आता पिस्तूलही धरेल. चपटं आहे, लपतं, दुकानदार खुश. तरी मी सांगते, रिव्हॉल्वर घे. जड आहे, कमरेला पोट काढून बसेल, कुर्ता एक माप मोठा शिवावा लागेल. घोड्यावरचं टोक घासून गोल केलेलं मिळालं तर बघ, ओढणीत अडकणार नाही. घेण्याआधी रेंजवर पन्नास गोळ्या झाड, आणि मला कागद पाठव, भोकं किती जवळ पडलीत ते मला मोजायचंय.

कारण एकच. रिव्हॉल्वरचं चाक बाहेर काढलं की सहाही घरं डोळ्यासमोर असतात. भरलेलं आहे की रिकामं, समोरच्यालाही दिसतं. आत एक राहून गेली, असं त्यात होत नाही. मला घरात यापुढे दुसऱ्या जातीचं हत्यार नको.

ते घेऊन कुणी वाचतो असं नाही, हे तुलाही कळतं. मोटरसायकलवरून येणारा माणूस तुला कमरेला हात घालायला वेळ देत नाही. पण तू रात्री दार लावताना ते उशाशी असेल आणि तुला झोप लागेल, तर तेवढ्यासाठीच घे. कोर्टात ताठ उभं राहायला झोप लागते.

आता मी एक विचारते. वीस सप्टेंबरपासून माझी तीन आठवड्यांची रजा मंजूर आहे. तिकीट काढलेलं नाही. मुक्ताही मागे लागलीय. साक्षीच्या वेळी माझं तिथे असणं तुला नको असेल, तर समजू शकते. नंतर कधीही चालेल. पुढच्या वर्षी, दहा वर्षांनी.

मी येऊ का? उत्तर एका शब्दात दे.

वृंदा


ग्रामीण रुग्णालय क्वार्टर्स
३० नोव्हेंबर २०२५

वृंदे,

तुझ्या रजा वाया गेल्या ते मला माहीत आहे. मुद्दाम उत्तर दिलं नाही. तू आली असतीस तर कोर्टात बाकावर बसून माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवली असतीस आणि न्यायाधीशांनी तुला बाहेर काढलं असतं. शिवाय मला हे लिहायला वेळ हवा होता. कारण पुढे कळेल.

रिव्हॉल्वर घेतलं. दुकानदाराने तुझंच वाक्य म्हटलं, पोट फुगतं. सरिताने मोठे कुर्ते शिवले, आता मी पोटुशी दिसते असं ओपीडीत बोलतात. वय सेहेचाळीस. रेंजवर पन्नास झाडल्या. कागद सोबत जोडला आहे. पहिल्या दहा बघू नकोस.

कोर्टाच्या गेटवर हत्यार जमा करावं लागतं. शिपाई म्हणाला, मॅडम, रिकामं करून द्या. मी उजव्या हाताने चाक बाहेर काढलं, गोळ्या तळहातावर घेतल्या आणि रिव्हॉल्वर त्याच्यासमोर धरलं. त्याने बघितलं आणि नुसतं "हो" म्हणाला.

साक्ष अडीच तास चालली. वकिलाने नोंद वाचून दाखवली आणि विचारलं, हे खरं आहे का? मी म्हटलं, जखम खरी आहे, नोंद खोटी आहे, आणि ती मीच खोटी सांगितली. गोळी माझ्या धाकट्या बहिणीच्या हातून सुटली, तिचं शपथपत्र सरकारी वकिलांकडे आहे. त्याने हातातली नोंद बाजूला ठेवली. मग म्हणाला, म्हणजे तुम्ही खोटं बोलता. मी म्हटलं, एकदा बोलले. एकोणीस वर्षांच्या पोरीसाठी. इथे जो मेला तो पस्तीसचा होता, त्याच्यासाठी खरं बोलायला आले. मग न्यायाधीशांनी मला जखमेबद्दल विचारलं. मी ओढणी बाजूला करून उजवा हात कठड्यावर ठेवला. म्हटलं, शेजारून सुटलेली गोळी ही अशी. कातडीत दारूचे निळे ठिपके बावीस वर्षांनीही आहेत, मोजून घ्या. प्रल्हादच्या अंगावर यातला एकही नव्हता.

त्यांनी खाली येऊन पाहिलं. वकिलाने पुढे एकही प्रश्न विचारला नाही.

परवा निकाल लागला. जन्मठेप. गिरिजा बाकावर बसलीच नाही या वेळी. उभ्या उभ्या माझा हात हातात घेतला, हाच, आणि कपाळाला लावला. मी कुणाला असं करू देत नाही, पण करू दिलं.

पाटीवरचा हार मी तेव्हा काढून फेकला होता. निकालाच्या दिवशी ओपीडीतल्या बायकांनी पुन्हा हार घातला, त्याच पाटीला, शेवंतीचा. मी म्हटलं, अपशकुन करू नका. त्या म्हणाल्या, ते मेलेल्याला घालतात, आमी जितलेल्याला घातला. काढला नाही मग.

मोठे काका येऊन गेले. बसले, चहा घेतला, माफी मागितली नाही. जाताना ओट्यावर संत्र्यांची पेटी ठेवून गेले.

आता कारण. अक्षर ओळखलंस का? पाकिटावर बघ परत. तुला वाटलं असेल कुणाकडून लिहून घेतलं. उजव्या हाताने लिहिते आहे, वृंदे. दोन महिने पाटीवर गिरवत होते, पहिलीतल्या पोरीसारखी. हे पत्र सात दिवस चाललंय, रोज दहा ओळी, मग हात दुखतो. तुझ्या वहीवर ज्या अक्षरात मी तुझं नाव घालून द्यायचे, ते पुरतं आलेलं नाही. पण मला ओळखू येतं.

गेल्या सोमवारी एका म्हातारबाच्या पायाला चार टाके घातले. उजव्याने. सरिता रडली, म्हातारबा म्हणाला, बाई, मले लागलं नाई, तुमी काहून रडता?

तू पंगतीत गप्प बसलीस ते मी विसरणार नाही. विसरायचंही नाही. पण त्यावर आता राग नाही, एवढं खरं. नंबर अनब्लॉक केला आहे, फोन करू नकोस, मला आवाज ऐकून बोलता येणार नाही. तिकीट मुक्ताचंही काढ. तिची ती इंग्रजी इथे कुणाला कळणार नाही, पण कणीक मळायला लावते तिला.

तू एका शब्दात उत्तर मागितलं होतंस.

ये.

ताई